पुण्याचें दप्तर आणि दिल्लीची जबानी



शाळामास्तराच्या हातून जन्मभरांत जे कागद लिहून होतात, त्यांत शाळा सोडल्याचा दाखला हा सर्वांत निरुपद्रवी कागद समजला जातो. नांव, जन्मतारीख, अभ्यासांतील प्रगति, आणि शेवटीं 'वर्तणूक' म्हणून एक चिमुकला रकाना. या रकान्यांत 'चांगली' याखेरीज दुसरा शब्द लिहिलेला मीं माझ्या साऱ्या नोकरींत क्वचितच पाहिला. एका वर्षीं परगांवच्या एका शाळेंतून असाच 'चांगली' वर्तणुकीचा एक मुलगा आमच्या आठवींत आला, आणि दिवाळीच्या सुटीआधींच त्यानें एका लहान मुलाचा हात मोडला. मीं त्याच्या जुन्या मुख्याध्यापकांना टेलिफोन केला. ते शांतपणें म्हणाले, "अहो, हें सारें आम्हांला ठाऊक होतें. इकडेहि असेंच झालें होतें. पण तुम्हीं विचारलेंत कुठें?"

हें वाक्य मनांत रुतून बसलें, आणि पुढें एका फार मोठ्या प्रकरणाचा वृत्तान्त वाचतांना तें पुन्हां पुन्हां कानांत वाजूं लागलें. सन १९४८ च्या जानेवारीची २० तारीख आणि ३० तारीख यांच्या मधल्या दहा दिवसांविषयीं आज मी बोलणार आहें. गांधीजींच्या खुनाच्या राजकारणाची चर्चा करण्याचा माझा हेतु नाहीं. ती पुष्कळांनीं केली आहे, आणि बरीचशी आवाज चढवून केली आहे. एका माणसाचें पूर्ववृत्त एका सरकारी कचेरींत लिहून ठेवलेलें होतें, त्याची गरज दुसऱ्या कचेरीला पडली, आणि तो कागद पहिल्या कचेरींतून दुसरींत गेला नाहीं, एवढाच माझा विषय आहे. पहिली कचेरी आपल्या पुण्यांतली होती.

माणसांचीं पूर्ववृत्तें लिहून ठेवण्याची ही रीत आली कोठून? पहारे आणि हेर आपल्याकडे पूर्वापार होते. परंतु एका जिल्ह्यांतल्या माणसाची हकीकत लिहून ती दुसऱ्या जिल्ह्याला पाठविण्याची शिस्त मुख्यतः कंपनी सरकारच्या ठगी खात्यानें लावली. स्लीमन साहेबानें १८३० नंतरच्या वर्षांत माफीच्या साक्षीदारांकडून ठगांच्या टोळ्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या. त्या खात्याचें खरें हत्यार तरवार नसून वही हें होतें. पुढें त्याच परंपरेंतून १८८७ सालीं राजकीय बातम्यांसाठीं सेंट्रल स्पेशल ब्रँच निघाली, १९०४ सालीं गुन्ह्यांच्या गुप्तवार्तांचें मध्यवर्ती खातें झालें, आणि १९२० पासून तेंच इंटेलिजन्स ब्यूरो या नांवानें चालूं लागलें. मुंबई इलाख्यांत दर आठवड्यास पोलिसांच्या गुप्त बातम्यांचा गोषवारा छापला जाई. कोणत्या गांवच्या कीर्तनांत बुवा काय बोलले, गणेशोत्सवांत कोणत्या मेळ्यानें कोणतें पद म्हटलें, कोणता वकील कोणाकडे उतरला, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यांत येत. १९५७ पासून मुंबई सरकारनें स्वातंत्र्याच्या चळवळीच्या इतिहासाचीं साधनें म्हणून या दप्तरांतील उतारे प्रसिद्ध केले, ते जिज्ञासूंनीं अवश्य पाहावे. आपल्या आजोबा-पणजोबांविषयीं घरांत जें कोणाला माहीत नाहीं, तें कधींकधीं तेथें सांपडतें!

सरकारला निकड वाटली म्हणजे हा कागद किती लांब जाई याचें एक उदाहरण पुरे. १९०९ सालीं विनायकराव सावरकरांना लंडनच्या ग्रेज इन संस्थेनें बॅरिस्टरीची सनद नाकारली. त्यामागें हिंदुस्थानांतून विलायतेस पुरविलेली माहिती होती. नाशिक-पुण्याकडच्या तरुणाचें पूर्ववृत्त सात समुद्र ओलांडून जाऊं शकत होतें. हें ध्यानांत ठेवून आपण १९४८ सालाकडे येऊं.

त्या वर्षारंभीं पुण्याच्या दप्तरांत काय होतें? नथुराम विनायक गोडसे हा 'अग्रणी' या मराठी दैनिकाचा संपादक होता व नारायण आपटे त्याचा व्यवस्थापक. पत्र १९४४ सालीं निघालें. त्यांतल्या लेखांमुळें सरकारनें त्याच्याकडे जामीनकी मागितली, १९४७ सालीं तें बंद पडलें आणि 'हिंदु राष्ट्र' या नांवानें पुन्हां सुरू झालें. या दोघांच्या हालचालींच्या नोंदी पोलिसांकडे होत्या. आपटे हा, सांगण्यास संकोच वाटतो, आमच्याच पेशांतला. पूर्वीं नगरला शाळेंत शिकवीत असे, आणि महायुद्धाच्या काळीं सरकारी भरतीच्या कामावर अधिकारी म्हणूनहि राहिला होता. पुण्यांतच दिगंबर बडगे याचें 'शस्त्र भांडार' होतें. तें कशाचें दुकान आहे हें पोलिसांना ठाऊक होतें. नगरचा विष्णु करकरे यालाहि तेथील पोलीस चांगले ओळखत होते.

यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. वृत्तपत्राच्या संपादकाचें नांव हें मुळीं गुपितच नव्हे. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याप्रमाणें मुद्रकाला आणि प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढें प्रतिज्ञापत्र करावें लागे, आणि संपादकाचें नांव प्रत्येक अंकावर छापावें लागे. म्हणजे ज्या नांवाचा दिल्लींत पुढें दहा दिवस शोध व्हावयाचा होता, तें पुण्यांत रोज सकाळीं दारांत येऊन पडत होतें. शिवाय प्रांतांतील वृत्तपत्रांची, त्यांच्या संपादकांची व त्यांच्या पक्षांची सरकारी यादी होती. तींतहि हें नांव होतें.

आतां दिल्लीकडे वळूं. २० जानेवारीस सायंकाळीं बिर्ला भवनांत गांधीजींची प्रार्थना चालूं असतां आवाराच्या भिंतीपाशीं स्फोट झाला. कोणाला इजा झाली नाहीं. मदनलाल पाहवा नांवाचा पंजाबी निर्वासित तरुण जागच्या जागीं पकडला गेला. तो एकटा नव्हता हें पोलिसांना त्याच रात्रीं कळलें. त्यानें करकऱ्याचें नांव मोडक्यातोडक्या उच्चारांत सांगितलें. एका मराठी पत्राच्या चालकाचा उल्लेख केला, पण पत्राचें नांवहि त्याच्या तोंडीं थोडें बिघडलें होतें. मंडळी उतरलीं होतीं त्या मरीना हॉटेलांत पोलीस गेले, तों दोन 'देशपांडे' खोली सोडून निघून गेले होते. हॉटेलांत धुलाईस टाकलेल्या कपड्यांवर धोब्याची खूण होती: 'एन. व्ही. जी.' ज्याला पुण्याची वृत्तपत्रें ठाऊक आहेत त्याला हें कोडें सोडविण्यास कितीसा वेळ लागला असता? परंतु तसा माणूस त्या खोलींत नव्हता, आणि ज्या गांवांत तो होता त्या गांवाला कोणीं विचारलें नाहीं.

दुसरा धागा मुंबईंत निघाला. रुईया कॉलेजांतील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनीं मदनलालला त्याच्या हलाखींत मदत केली होती. स्फोटाच्या कांहीं दिवस आधीं मदनलालनें त्यांच्यापाशीं या बेताची वाच्यता केली. त्यांना ती प्रथम तरुणाची बढाई वाटली. २१ जानेवारीस वर्तमानपत्रांत त्याचें नांव वाचतांच ते धांवत मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे गेले व तेथून गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. मोरारजींनीं त्याच सायंकाळीं अहमदाबादेस निघतांना मुंबई सेंट्रल स्टेशनावर डेप्युटी कमिशनर जमशेद नगरवाला यांना बोलावून ही हकीकत सांगितली, आणि दुसऱ्या दिवशीं सरदार पटेलांनाहि सांगितली. मात्र माहिती कोणीं दिली हें नगरवालांना सांगितलें नाहीं, कारण जैनांनीं नांव गुप्त ठेवण्याची विनंति केली होती. विनंति समजण्यासारखी आहे. जिवाचें भय कोणाला नसतें? परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, तपास करणाऱ्याला मूळ साक्षीदारास एकहि प्रश्न विचारतां आला नाहीं.

त्याच सुमारास दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी विमानानें मुंबईस आले आणि २२ तारखेस नगरवालांना भेटले. या भेटींत काय झालें याच्या दोन हकीकती आहेत. दिल्लीकर म्हणत, आम्हीं माहिती दिली, पण आम्हांला तपासांत घेतलें नाहीं, उलट परत जाण्यास सांगितलें. मुंबईकर म्हणत, त्यांनीं आणलें तें फारच थोडें होतें. वीस वर्षांनीं चौकशी आयोगासमोर याचा कीस पडला. मला यांत खरें कोण याहून एक निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: एका कचेरीनें दुसरीला काय दिलें, याची दोघांच्या सहीची साधी पोंच असती तर एवढा वादच उद्भवता ना. आमच्या शाळेंत खडूची पेटी एका वर्गातून दुसऱ्या वर्गांत गेली तरी शिपाई वहींत सही घेत असे. असो. ते दोघे अधिकारी हात हालवीत परत गेले.

तिसरा धागा तर थेट पुण्याचाच. मुंबई प्रांताच्या गुप्त पोलिसांचे डेप्युटी इन्स्पेक्टर जनरल यू. एच. राणा यांची कचेरी पुण्यांत होती, आणि हे राणा त्या दिवसांत दिल्लींतच होते. २४ तारखेपर्यंत मदनलालची सविस्तर जबानी लिहून झाली होती. इंटेलिजन्स ब्यूरोचे प्रमुख संजीवी यांनीं २५ जानेवारीस ती राणांच्या हवालीं केली. येथें कोडें सुटावयास हवें होतें. जबानी दिल्लीची, दप्तर पुण्याचें, आणि दप्तराचा धनी दिल्लींत बसून जबानी वाचतो आहे! राणा ती जबानी घेऊन आगगाडीनें अलाहाबादेवरून निघाले आणि २७ तारखेस मुंबईस पोंचले. आयोगानें पुढें या प्रवासावर व या दिरंगाईवर स्पष्ट टीका केली. विमान होतें, तार होती, ट्रंक टेलिफोन होता.

गोडसे आणि आपटे मधल्या दिवसांत मुंबईंतच हॉटेलांत राहिले होते. २७ जानेवारीस, म्हणजे राणांची गाडी मुंबईस लागली त्याच दिवशीं, ते दोघे खोट्या नांवांनीं तिकिटें काढून विमानानें मुंबईहून दिल्लीस गेले. तेथून ग्वाल्हेर, तेथें पिस्तूल, आणि पुन्हां दिल्ली.

मुंबईंत नगरवाला स्वस्थ बसले नव्हते, हेंहि सांगितलें पाहिजे. पण हा कट गांधीजींना पळवून नेण्याचा आहे, अशी त्यांची समजूत झाली होती आणि तपास त्या दिशेनें चालला होता. दिल्लीच्या पोलिसांवरहि त्या वेळीं काय ओझें होतें तें विसरूं नये. फाळणी होऊन पुरते सहा महिने झाले नव्हते, शहर निर्वासितांनीं भरलें होतें, आणि दंग्यांचा वणवा नुकता कोठें विझत होता. पहारा वाढविला गेला. परंतु प्रार्थनेस येणाऱ्या माणसांची झडती घेण्यास गांधीजींनीं साफ नकार दिला. तेव्हां उरला एकच उपाय, आणि तो म्हणजे चेहरा ओळखणें. गोडसे-आपटे यांना चेहऱ्यानें ओळखणारे पोलीस पुण्यांत होते. त्यांतले चार जण बिर्ला भवनाच्या फाटकाशीं आणून उभे करण्यास अमुक नांवाचा माणूस हवा आहे हें आधीं ठरावें लागतें, आणि तें ठरविण्यास पुण्याला विचारावें लागतें.

३० तारखेस सायंकाळीं पांच वाजून गेल्यावर जें झालें तें सांगण्याची गरज नाहीं. त्या रात्रीपासून पुढें कांहीं दिवस पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ज्यांचा या कटाशीं सुतराम संबंध नव्हता अशांचींहि घरें-दुकानें जळालीं. आमच्या आजोळच्या वाड्याच्या मागच्या सोप्यांतील तुळया मी लहानपणीं पाहिल्या आहेत. त्या एका बाजूनें कोळशासारख्या काळ्या होत्या, आणि आजी त्यांविषयीं कधीं बोलत नसे.

आणि आश्चर्य पाहा, आतां तेंच दप्तर बोलूं लागलें! दुसऱ्याच दिवशीं, ३१ जानेवारीस, बडगे पुण्यांत पकडला गेला. १४ फेब्रुवारीस आपटे व करकरे मुंबईंत सांपडले. दिल्ली आणि मुंबई या दोन्ही ठिकाणच्या तपासाची सूत्रें एकट्या नगरवालांच्या हातीं दिलीं गेलीं. लाल किल्ल्यांतील खटल्याचा निकाल न्यायमूर्ति आत्माचरण यांनीं १० फेब्रुवारी १९४९ रोजीं दिला. पोलिसांनीं २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान थोडी अधिक तत्परता दाखविली असती तर ही आपत्ति कदाचित् टळती, अशा आशयाचे शब्द त्यांनीं निकालांत घातले.

प्रकरण तेथेंच मिटावयाचें, पण पुण्यानेंच तें पुन्हां उकरलें. जन्मठेपेचे कैदी १९६४ च्या ऑक्टोबरांत सुटले. त्यांच्या सुटकेनिमित्त १२ नोव्हेंबरला पुण्यांत सत्यनारायणाची पूजा झाली. त्या समारंभांत लोकमान्यांचे नातू व 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनीं बोलून दाखविलें कीं, गोडशाचा हेतु आपल्याला आधींच कळला होता, आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत तो खेरांच्या कानांवर घातला होता. देशभर गदारोळ झाला. १९६५ सालीं सरकारनें चौकशी आयोग नेमला. प्रथम गोपाळ स्वरूप पाठक, आणि ते मंत्री झाल्यावर १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश जीवनलाल कपूर. कपूर आयोगानें १०१ साक्षीदार तपासले, ४०७ कागदपत्रें पाहिलीं आणि १९६९ सालीं अहवाल दिला. तो वाचणें हें चिकाटीचें काम आहे. पण ज्याला सरकारी कचेऱ्या एकमेकींशीं कशा बोलतात हें समजून घ्यावयाचें आहे त्यानें तो वाचावा. त्यांत देशद्रोही अधिकारी फारसा भेटत नाहीं. भेटतात ते आपल्या कक्षेंत राहणारे, वरिष्ठांची आज्ञा होईतों थांबणारे आणि 'तें काम त्यांचें' असें मानणारे गृहस्थ. ब्रिटिश अमदानींत हीच खातीं झपाट्यानें बोलत, कारण राज्य वांचविणें हें प्रत्येकाला आपलें काम वाटे. १९४८ सालीं एका निःशस्त्र वृद्धाचा जीव वांचविणें हें नेमकें कोणाचें काम, हें त्या दहा दिवसांत कोणाच्याच टेबलावर ठरलें नाहीं.

मग सारे कागद सर्वांना खुले करावे काय? अलीकडे तसें घडूं लागलें आहे. कारगिलच्या युद्धानंतर २००१ सालीं सर्व गुप्तवार्ता खात्यांच्या बातम्या एकत्र आणणारें एक केंद्र दिल्लींत स्थापन झालें, आणि २००८ च्या नोव्हेंबरांतील मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तें अधिक बळकट करण्यांत आलें. त्या हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा मूळचा दाऊद गिलानी. २००६ सालीं अमेरिकेंत त्यानें नांव बदललें, आणि नव्या नांवाबरोबर जुनें पूर्ववृत्त आमच्या व्हिसा देणाऱ्या कचेरीपुढें आलेंच नाहीं. तो पुण्यासहि येऊन गेला. मरीना हॉटेलांतील दोन देशपांडे मला अशा वेळीं आठवतात.

परंतु दुसरी बाजूहि मास्तर या नात्यानें मला सांगितलीच पाहिजे. मध्य प्रदेशांत १९७१ सालीं एक नगरपालिकेची शाळा सरकारनें चालविण्यास घेतली. तींतील एका शिक्षकाला पूर्ववृत्ताच्या पडताळणीच्या अटीवर सरकारी नोकरींत सामावून घेतलें. आणि त्यानें पूर्वीं संघ व जनसंघ यांच्या कार्यांत भाग घेतला होता, असा पोलिसांचा अहवाल आल्यावर १९७४ सालीं त्याला काढून टाकलें. येथें कागद एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत बिनतक्रार पोंचला होता! न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी यांनीं १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत पोलिसांच्या असल्या अहवालावर माणसाची भाकरी तोडण्याच्या प्रथेचा खरपूस समाचार घेतला आणि शिक्षकाच्या बाजूनें निर्णय कायम केला. तोंवर नऊ वर्षें गेलीं होतीं. पुण्याचा कागद पोंचावयास हवा होता आणि पोंचला नाहीं. हा पोंचावयास नको होता आणि पोंचला. दोन्ही कागद एकाच जातीच्या दप्तरांतले, बहुधा सारख्याच अक्षरांत लिहिलेले.

आठवींतल्या त्या मुलाचें पुढें काय झालें असें कोणी विचारील. वर्षभरानें त्याच्या वडिलांची बदली झाली आणि दाखला लिहिण्याची पाळी माझ्यावर आली. मोडलेला हात एव्हांना बरा झाला होता. हा मुलगाहि मधल्या काळांत पुष्कळ निवळला होता, निदान मला तसें वाटत होतें. मीं वर्तणुकीच्या रकान्यांत 'चांगली' असें लिहिलें, आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तोंडीं सारें सांगावें म्हणून दुसऱ्या दिवशीं टेलिफोन केला. ते रजेवर होते. पुन्हां मीं केला नाहीं.